भूगोल बाकी

आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘भूगोल बाकी’ आहे. पाच वर्षांत त्याचा डीपी तीसेक वेळा बदलला असेल. कधी गणपती, कधी कुणाचा नवा ट्रॅक्टर, कधी कुणाचं बाळ. नावाला मात्र कुणी हात लावला नाही. पुण्यात माझ्या रूममेटनं एकदा ते वाचलं आणि विचारलं, “तुझी अजून एटीकेटी राहिलीय का गं?”

“राहिलीय की. सत्तेचाळीस जणांची.”

आम्ही मार्च २०२०ची बॅच. दहावीची परीक्षा ३ मार्चला मराठीच्या पेपरनं सुरू झाली आणि २३ मार्चला भूगोलानं संपायची होती. २१ तारखेला, शनिवारी, इतिहासाचा पेपर झाला. भूगोलाचा झालाच नाही. त्यामुळं आमची शाळा नेमकी कुठल्या दिवशी संपली हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. बाकीच्यांना एक शेवटचा दिवस असतो. रडारड असते, शर्टावर सह्या असतात. आमचा शेवटचा दिवस होऊन गेला, तो तसा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

या दिवाळीत वर्ग पहिल्यांदा एकत्र आला. तिथून परत आल्यापासून हे लिहायचं डोक्यात आहे. नावं घालत नाही, टोपणनावंच घालतो. ती तशीही खऱ्या नावापेक्षा जास्त चालायची.

(हो, ‘घालतो’च. मी मुलगी आहे, पण आमच्याकडं पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. हॉस्टेलला पहिल्या दिवशी मी “जेवून येतो” म्हटलं तर चौघीजणी माझ्याकडं वळून बघायला लागल्या. ऑफिसात आता ‘येते, जाते’ करते. इथं नाही करणार.)

गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. भिलवडी स्टेशनला उतरायचं आणि वडापच्या जीपनं पुढं. एका अंगाला नदी, बाकी सगळा ऊस, आणि थोडं वर चढलं की द्राक्षाच्या बागा. शाळा नदीपासून लांब नाही. जुनी दगडी रांग, तिच्यावर कौलं, आणि मागं दोन मजली नवी इमारत. घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायचा मान आठवड्याला एकाला मिळायचा आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

वर्गात २६ पोरं, २१ पोरी. निम्म्या जणी आजूबाजूच्या वाड्यांवरून एसटीनं यायच्या. पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट, त्यामुळं घरचे पाठवायचे. त्या एसटीचा भरवसा नसायचा, मग पहिला तास बऱ्याचदा निम्म्या वर्गावरच व्हायचा. गणिताच्या बाईंनी त्यावर उपाय काढला होता. पहिली दहा मिनिटं फक्त पाढे. एकवीस ते तीस. मला आजही सत्तावीस नव्वे विचारलं की डोळ्यासमोर एसटीची वाट बघणारा वर्ग येतो.

एक होता ‘सरपंच’, म्हणजे वर्गाचा मॉनिटर. त्याचे वडील कधीच सरपंच नव्हते, पण हा चालायचाच तसा, हात मागं बांधून. ‘रेडिओ’ माझ्या बेंचवर बसायची. ‘घड्याळ’ दर पाच मिनिटांनी “किती वाजलं रं?” विचारायचा. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला वाढदिवसाला घड्याळ दिलं, तरी विचारायचाच. आणि ‘पावशेर’. दहावीत गेला तेव्हा चार फूट दहा इंच. प्रार्थनेला पाचवीपासून दहावीपर्यंत रांगेत पहिला तोच. त्याला कुणी चिडवलं की तो शांतपणे म्हणायचा, “माझं खत अजून टाकायचंय.”

भूगोलाच्या सरांना आम्ही ‘ब्राझील सर’ म्हणायचो. त्या वेळी दहावीला भूगोलाचं नवं पुस्तक होतं आणि त्यात सगळं भारत आणि ब्राझील असं जोडीनं होतं. हवामान भारताचं आणि ब्राझीलचं, लोकसंख्या भारताची आणि ब्राझीलची, शेती, वस्त्या, वाहतूक, सगळंच. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर मुंबईसुद्धा बघितली नव्हती, पण अ‍ॅमेझॉनचं खोरं, पँटानलची दलदल आणि साओ पावलोची कॉफी पाठ होती. सर खडू न उचलता एका रेघेत ब्राझील काढायचे. फळ्याच्या मधोमध एक फुगलेलं, खाली निमुळतं होत गेलेलं काहीतरी उमटायचं आणि रेडिओ कानात सांगायची, “आज परत वांगं काढलंय.” आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी नावाजलेली. त्यामुळं ते साम्य सगळ्यांना पटलेलं होतं.

दहावीचं वर्ष मात्र वांग्यावर हसण्याचं राहिलं नाही.

२०१९च्या नागपंचमीला, ५ ऑगस्टला, पाणी गावात आलं. तोवर पाऊस रोजचाच होता आणि नदी दरवर्षी पात्राबाहेर येतेच, म्हणून मोठी माणसं “येऊन जाईल” म्हणत होती. २००५ला ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं ती तर निवांतच होती. दुसऱ्या दिवशी आमच्या गोठ्यात पाणी. वडिलांनी जनावरं सोडली, आईनं धान्याची पोती माळ्यावर टाकली, आणि आम्ही पलूसला मावशीकडं गेलो. माझं दप्तर घेतलं होतं. भूगोलाचं पुस्तक त्यात नव्हतं, कारण ते रेडिओकडं होतं आणि रेडिओचं घर तोवर बुडालं होतं.

त्या आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. आमच्या वर्गातल्या दोघांची माणसं त्या गावची आहेत.

पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा शाळा ओळखू येत नव्हती. गुडघाभर काळा गाळ, आणि त्याचा वास. तो वास सांगता येत नाही. कुजलेला ऊस, डिझेल आणि ओली वही एकत्र करा. बेंच तरंगून एकमेकांवर चढले होते आणि पाणी गेल्यावर तसेच बसले होते. एक बेंच दारात आडवा अडकला होता, जसा काही बाहेर पडायच्या तयारीत होता. १५ ऑगस्टला झेंडा त्या चिखलातच लागला. त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आली होती. राख्या कुठल्या असणार? मदतीच्या ट्रकमधून आलेल्या पोत्यांची सुतळी सोडवून आम्ही पोरांच्या हाताला बांधली. घड्याळनं ती दिवाळीपर्यंत ठेवली. हाताला खाज सुटायची, पण काढली नाही.

मग आठवडाभर आम्ही शाळा धुतली. खरं सांगतो, त्या आठ दिवसांइतकं मी कधीच कुणाशी भांडलो नाही आणि हसलोही नाही. खोऱ्यानं गाळ ओढायचा, घमेल्यात भरायचा, हातोहात बाहेर. पोरं-पोरी एका रांगेत. एरवी पोराशी बोललं की गावभर होतं, पण घमेलं देताघेताना कोण काय म्हणणार? आमच्या वर्गात पोरं-पोरी नीट बोलायला लागली ती त्या गाळामुळं.

सायन्सच्या खोलीत कपाटामागं पृथ्वीगोल सापडला. पुठ्ठ्याचा होता, फुगून भोपळ्यासारखा झाला होता आणि वरचा कागद पट्ट्यापट्ट्यांनी सुटला होता. सरांनी तो हातात घेऊन सावकाश फिरवला.

“आशिया शाबूत आहे,” सर म्हणाले. “दक्षिण अमेरिका वाहून गेली. आता ब्राझील तुम्ही डोळे मिटूनच बघायचा.”

कोण पहिल्यांदा हसलं आठवत नाही, पण हसणं थांबेना. सरांचं स्वतःचं घर त्याच पाण्यात गेलं होतं, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं.

पुस्तकातला पहिलाच धडा होता क्षेत्रभेट. त्यातली पोरं बसनं नळदुर्गहून अलिबागला जातात, वाटेत माती बघतात, पिकं बघतात, प्रश्न विचारतात. आमची त्या वर्षीची सहल तर रद्दच झाली होती. सर म्हणाले, “आपली क्षेत्रभेट गावातच. अलिबागचा समुद्र आपल्याकडं येऊन गेलाय.”

आम्ही प्रश्नावली केली. पाणी किती वाजता आलं, कुठून आलं, २००५ला कुठवर होतं, काय वाचलं, काय गेलं. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक गल्ली, आणि गवंड्याकडून आणलेला एक टेप सगळ्यांत मिळून. भिंतींवर पाण्याची रेघ स्पष्ट होती. खाली मातकट, वर चुन्याचा पांढरा. आम्ही ३१ घरांत ती मोजली. बऱ्याच जणांनी हौसेनं मोजून घेतली, चहा पाजला. एका वाड्यातल्या आजी मात्र चिडल्या. “मापून काय करणार? फुडच्या टायमाला पाणी तुमची वही वाचून थांबतंय व्हय?”

सरपंचाला काही सुचेना. पावशेर म्हणाला, “न्हाई आज्जे. पण आमाला तरी कळंल, किती वर पळायचं त्ये.”

आजींनी त्याला आत बोलावून दशम्या दिल्या. आम्ही बाहेर.

वर्गात आल्यावर सरांनी फळ्यावर त्या दिवशी ब्राझील काढला नाही. कृष्णा काढली. कऱ्हाडला कोयना मिळते तिथून, मग आमचं गाव, औदुंबर, सांगली, आणि सांगलीजवळ हरिपूरला मिळणारी वारणा. कोयनेचं पाणी वरून येतं, वारणा खालून तुंबवते, मधे नदीला उतार कमी आणि वळणं फार, म्हणून पाणी लवकर निघत नाही आणि मागं पसरतं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टीच्या धरणामुळं फुगवटा येतो की नाही यावर आमच्या पारावर आजही हमरीतुमरी होते, आणि तेव्हा वर्गातही झाली. सरांनी ती होऊ दिली. एरवी आवाज झाला की डस्टर आपटणारे सर त्या दिवशी खिडकीत बसून ऐकत होते. मला भूगोल कळला तो त्या तासाला. त्याआधी मी तो पाठ करत होतो.

शेवटी आमच्या वर्गातली रेघ मोजली. पाच फूट चार इंच. फळ्याच्या चौकटीच्या बरोबर मधून गेलेली. सर म्हणाले, भिंत धुतली की ही जाईल, खूण करून ठेवा. कुणाच्या तरी घरी दाराला लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता. अक्षर सगळ्यात चांगलं पावशेरचं. त्याला बेंचवर उभं करावं लागलं. त्यानं पट्टी लावून आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘१० वी अ. ऑगस्ट २०१९. ५ फूट ४ इंच.’ खाली उतरून रेघेला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याच्या सहा इंच वर.

“बुडलो असतो,” तो म्हणाला. पोहण्यात सगळ्या वर्गात तोच पट्टीचा.

पुढचं वर्ष पळालं. पुरात गेलेले दिवस भरून काढायला सकाळी साडेसातला ज्यादा तास, संध्याकाळी परत ज्यादा तास. दिवाळीनंतर पोरांची रात्रअभ्यासिका सुरू झाली. ती वर्गातच झोपायची, अंथरुणं घेऊन. आम्हा पोरींना सात वाजता घरी पाठवायचे. याचा मला तेव्हाही राग होता, आताही आहे. त्यांच्या आठवणींत रात्री दोनला चुलीवर केलेली मॅगी आहे, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून केलेली नक्कल आहे, चिंचेवरचं भूत आहे. आमच्या आठवणींत सात वाजता बंद झालेलं गेट आहे. ग्रुपवर ते किस्से सुरू झाले की रेडिओ फक्त एक कुलपाचं चित्र टाकते.

संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं. मराठीच्या बाई आम्हाला तिकडं घेऊन गेल्या. भुवनेश्वरीच्या बाजूनं नावेत बसायचं होतं. पुरानंतर पहिल्यांदाच आम्ही नावेत बसत होतो. मधे कुणी बोललं नाही. पाणी इतकं शांत होतं की खोटं वाटत होतं. परत येताना बाईंनी सगळ्यांना भडंग घेऊन दिलं. कविता कुठली ऐकली ते मात्र विसरलो.

फेब्रुवारीत निरोप समारंभ. पोरी साड्यांत, आयांच्या. माझी पिन तीनदा सुटली. वर्गाकडून शाळेला काय द्यायचं यावर तीन दिवस चर्चा. आधीच्या बॅचेसनी घड्याळं देऊन ठेवलेली, ऑफिसात चार घड्याळं आणि चारही वेगळी वेळ दाखवणारी. शेवटी एकमतानं पृथ्वीगोल ठरला. वीस-वीस रुपये काढले, ९४० झाले. सांगलीहून ८५०चा आणला, प्लॅस्टिकचा. सरांना देताना सरपंच भाषण विसरला आणि एवढंच म्हणाला, “सर, हा तरंगतो.”

उरलेल्या ९० रुपयांचे तीन मार्कर घेतले. काळा, निळा, लाल. ते शेवटच्या पेपरसाठी होते. शेवटचा पेपर सुटल्यावर गणवेशाच्या शर्टावर सगळ्यांनी सह्या करायच्या, ही आमच्या शाळेची जुनी रीत. गेली पाच वर्षं आम्ही पुढच्या पोरांना रंगलेले शर्ट घालून गावातून फिरताना बघत होतो. मार्कर सरपंचाकडं ठेवायला दिले, कारण त्याच्याकडून कुणी मागून घेऊ शकत नव्हतं.

परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावात. आम्ही पोरी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत उभ्यानं जायचो. इतिहासाच्या पेपरला पर्यवेक्षकांनी तोंडाला रुमाल बांधला होता आणि आम्हाला ते फार गमतीशीर वाटलं. पेपर सुटल्यावर गेटवर ठरलं, की सोमवारी सगळ्यांनी स्वच्छ शर्ट घालायचा. रेडिओ जाताना म्हणाली, “चल, सोमवारी.” मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. हत्तीत जागा पकडायची होती.

त्याच दिवशी टीव्हीवर आलं, सोमवारचा पेपर पुढं ढकलला. मी काय केलं असेल? नाचलो. भूगोलाचा एक धडा राहिला होता. रविवारी जनता कर्फ्यू झाला, पाच वाजता सगळं गाव ताटं बडवत होतं. सोमवारी इस्लामपुरात एकाच घरातले चार रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि आमच्या गावच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. महिनाभरापूर्वी ज्या रस्त्यानं आम्ही साड्या सांभाळत गेलो होतो, त्यावर काटे.

१२ एप्रिलला सांगितलं, भूगोलाचा पेपर रद्द. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क मिळतील. ४० मार्कांचा पेपर होता. तेव्हा आमच्यातली कितीतरी पोरं बेदाण्याच्या शेडवर होती. द्राक्षाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून बागवाले जमेल तेवढा माल वाळवत होते. पावशेर शेडवरून फोन करून म्हणाला, “मी ब्राझील पाठ केला होता की गं. आता त्याचं काय करू?”

२९ जुलैला निकाल लागला. राज्याचा ९५.३० टक्के. आमच्या शाळेत सगळे पास. ज्या पठ्ठ्यानं सराव परीक्षेत ब्राझीलची राजधानी ‘अ‍ॅमेझॉन’ लिहिली होती, त्याला गणितानं वर ओढलं आणि सरासरीत भूगोल चांगला मिळाला. तो स्वतःला आजही भूगोलतज्ज्ञ म्हणवतो. आमच्यानंतरच्या बॅचची तर परीक्षाच झाली नाही, एकही पेपर नाही, आणि निकाल ९९.९५. ती पोरं आम्हाला म्हणतात, तुमचा एकच विषय राहिला, कशाला एवढं रडता. बरोबर आहे त्यांचं.

निकाल घ्यायला एकेकाला वेगवेगळ्या वेळी बोलावलं होतं. मार्कशीट खिडकीतून दिलं. माझ्यापुढं कोण होतं, मागं कोण, कळलं नाही. अकरावीचे फॉर्म ऑनलाइन, तास मोबाईलवर. वर्गातल्या एकीचं त्याच काळात लग्न झालं. अठरा पुरी नव्हती. घरच्या पन्नासएक माणसांत झालं, मांडव नाही, वाजंत्री नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपवर ‘अभिनंदन’ पडले, मीही टाकलं. ती आमच्या वर्गात गणितात दुसरी होती. या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त टोचणारं काही असेल तर ते माझं ते ‘अभिनंदन’.

तर दिवाळी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणून सगळी गावाकडं असणार, हे हेरून रेडिओनं ठरवलं. सत्तेचाळीसपैकी एकोणतीस आले. दोघं सैन्यात आहेत, ते व्हिडिओ कॉलवर आले आणि रेंज गेली. चौघंजण पोलीस भरतीच्या मागं आहेत, पहाटे चारला उठून पळतात आणि त्यामुळं रात्री नऊला पेंगायला लागले. एकजण मिरजेला नर्स. घड्याळ दूध संकलन केंद्र चालवतो आणि आता खरोखरच वेळेवर येतो. गणितात दुसरी आलेली आली होती, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. ती यंदा बारावीचा फॉर्म बाहेरून भरणार आहे. हे तिनं कुणी न विचारता सांगितलं, आणि गणिताच्या बाईंनी तिथंच तिच्याकडून सत्तावीसचा पाढा म्हणून घेतला. कुठं अडली नाही.

सर रिटायर झालेत. स्कूटीवरून आले. निम्म्यांची नावं त्यांना आठवली नाहीत आणि त्यांनी ती आठवल्यासारखं केलंही नाही. “तू कुठल्या बाकावर बसायचास ते सांग,” म्हणायचे, आणि बाक सांगितला की माणूस ओळखायचे. सरपंचानं खिशातून ते तीन मार्कर काढले. पाच वर्षं जपले होते पठ्ठ्यानं, आईच्या कपाटात. टोपण काढून हातावर ओढून बघितलं. तिन्ही वाळलेले. शर्ट तसाही कुणाकडं उरला नव्हता. माझ्या आईनं माझ्या कुडत्याची केव्हाच पुसणी केली होती, मी विचारलं तर म्हणाली, “सुती होतं, पाणी चांगलं ओढतंय.”

“पेपर झाला असता तर तुमच्यातले चारजण नक्की नापास होते,” सर म्हणाले.

“कोण सर?”

सरांनी सांगितलं नाही. तेव्हापासून ग्रुपवर फक्त तोच विषय चाललाय.

निघताना वर्गात गेलो. शाळेला नवा रंग दिलाय, आकाशी. २०२१ला परत पूर आला होता. ते पाणीसुद्धा याच वर्गात शिरलं, पण लाल रेघेपर्यंत पोचलं नाही असं शिपाईमामा म्हणाले. मोजलं कुणीच नाही, त्या वर्षी वर्ग मोबाईलमध्ये भरत होता. मला वाटलं होतं रंगात आमची रेघ गेली असणार. नव्हती गेली. रंगाऱ्यानं तेवढा वीतभर पट्टा सोडून दिलाय. आकाशी भिंतीत मळका पांढरा चौकोन, आणि त्यात पावशेरचं अक्षर.

पावशेर दारातून येताना वाकला. बारावीनंतर त्याचं खत एकदम लागू पडलं, पाच फूट नऊ झालाय. कुणीतरी ओरडलं, “उभा ऱ्हा, उभा ऱ्हा.” तो पाठ लावून उभा राहिला. रेघ बरोबर डोळ्यांवर आली.

“नाक अजून पाण्यातच हाय लगा,” तो म्हणाला, आणि टाचा वर केल्या.

मग प्रत्येकजण उभा राहिला. सरपंच वाचला, पोलीस भरतीवाले सगळे वाचले. रेडिओ जेमतेम. माझी उंची दहावीत होती तेवढीच आहे. पाच फूट दोन.